जाळं नसेल तर

मिकेल म्हणतो, काढून टाकू या त्या सहाशे ओळी.
तो चोवीस वर्षांचा आहे, आणि त्याचं बरोबर आहे.
आजच्या जगात, म्हणतो, केबल नसलेलं यंत्र
म्हणजे मासळी नसलेला समुद्र.
मी खिडकीबाहेर बघते. ट्रोम्सोत दुपारी दोनलाच काळोख.
त्याला कसं सांगू, तसला समुद्रही मी पाहिलाय.
त्या वर्षी बाबांनी होडी विकली.

त्या ओळी अशा सुरू होतात : जाळं नसेल तर.
जाळं नसेल तर वेळ घड्याळाला विचार, सर्व्हरला नको.
जाळं नसेल तर यादी डिस्कवर ठेव, आणि गप्प बस.
जाळं नसेल तर इथे दार आहे असं धरून चालू नकोस.
धडकशील.

बाकीचा कोड मी असा लिहिलाय
की त्याला जाळ्याचा वासही लागू नये.
सगळी सॉकेटं एकाच फाइलीत,
जसं मासळीच्या शेडमध्ये मीठ एकाच पिंपात,
झाकण घट्ट. नाहीतर ते सगळीकडे जातं :
चहात, बिजागरीत, बोटाच्या चिरेत.
गेल्या आठवड्यात मिकेलच्या हातून एक चिमूट सांडली.
तारीख दाखवणाऱ्या साध्या ओळीतून
एक हाक, दूरच्या कुठल्याशा सर्व्हरला.
त्याच्या मशीनवर चाललं. माझ्याही.
वार्डोला चाललं नसतं.

वार्डोला योस्टाइन आहे. खारवलेल्या कॉडचं गोदाम,
एक राखाडी काटा, त्याला जोडलेलं एक राखाडी यंत्र,
ज्याच्या पाठीला भोकच नाही, केबल घालायची म्हटली तरी.
वर्षातून एकदा त्याची पोस्टानं चिठ्ठी यायची :
"चाललं."
एकदा, "चाललं नाही. ओळ ४१२."
या वर्षी चिठ्ठी आली नाही.

म्हणून तीन फ्लॉप्या लोकरी मोज्यात गुंडाळून
मी किनाऱ्याच्या बोटीत बसले. दोन रात्री.
होनिंग्सवोगनंतर अर्धी बोट ओकत होती
आणि मी मोजा छातीशी धरून,
तान्हं मूल घेऊन बसावं तशी.

गोदामात त्याची मुलगी भेटली, ओसे.
"बाबा ऑक्टोबरात गेले. कळवायला हवं होतं.
पण तुमचा पत्ता त्यांच्या डोक्यातच होता."
यंत्रावर मेणकापड, त्यावर दोरीचं वेटोळं, एक हातमोजा.
म्हणजे तेव्हापासून सहाशे ओळी
मी एका झाकलेल्या यंत्रासाठी राखत होते.

तिनंच बटण दाबलं. ते खाकरलं.
फ्लॉप्या करकरत आत गेल्या, बाहेर आल्या,
आणि प्रोग्रॅमची बांधणी रात्रभर चालली.
ओसेनं स्टोव्ह पेटवला. आम्ही फारसं बोललो नाही.
पहाटे (घड्याळाची पहाट; उजेडाचा इथे काही संबंध नसतो)
पडद्यावर हिरवा आकडा आला : शून्य.
इतकं स्थिर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तोलायला काहीच नव्हतं, मासळीला अजून महिना अवकाश.
ओसेनं तिचा थर्मॉस काट्यावर ठेवला.
एक किलो तीनशे चाळीस.
ते कोणाला विचारायला गेलं नाही.
कोणाच्या होकाराची वाट बघत बसलं नाही.
योस्टाइनच्या शेवटच्या नोंदीखाली सरळ छापून दिलं.
तारीख मात्र ऑक्टोबरची.
घड्याळ तिथेच थांबलेलं.
मी हात पुढे केला, तर ओसे म्हणाली,
"राहू दे."

परतल्यावर मिकेलनं विचारलं, किती वापरकर्ते उरलेत?
"एक," मी म्हटलं. "थर्मॉस."
तो हसला. पुरता हसून झाल्यावर
तारखेची ती ओळ त्यानं स्वतःच उघडली,
सर्व्हरला घातलेली हाक उचलून पिंपात टाकली.
झाकण अजून त्याला नीट लावता येत नाही.